भागीरथीच्या आगगाडीच्या ओव्या

भागीरथी,

तुझ्या तेराव्याला जमलेल्या बायका तुझ्याबद्दल फार गोड बोलल्या. तुझा गळा, तुझा हात, तुझं सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणं. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "बाई, तुमी बोला. तुमची तर मैतरीणच ती." मी उठले, पदर सारखा केला आणि "मला बोलवत नाही" म्हणून परत बसले. त्यांना वाटलं, गळा दाटून आला. दाटला होताच, पण माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते तेराव्याच्या बैठकीत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुझ्यावर जळत होते. पंधरा वर्षं जळत होते, आणि तू गेलीस म्हणून ते विझलं असं अजून तरी वाटत नाही.

मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेत नोकरीला आले ती घाटावरून. चोविसावं वर्ष, कपाळ पांढरं, एक ट्रंक. तुमच्या शेजारची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्याच संध्याकाळी तू केळीच्या पानावर फणसाचे गरे घेऊन दारात उभी राहिलीस. नाव विचारलं नाहीस, गाव विचारलं नाहीस, माझं कपाळ बघून चुकचुकली नाहीस. विचारलंस ते एवढंच: "बाई, तुमी आगगाडीत बसल्यात?"

"बसलेय की. कितीदा."

"बसा तर मग. आता सांगा."

तुझा नवरा सखाराम मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात गाडीची चाकं बसवायचा. शिमग्याला नाहीतर गणपतीला आगबोटीनं यायचा आणि आठ दिवसांत परत जायचा. त्याला गाडी माहीत होती ती इंचांत. चाक किती इंचांचं, नट किती इंचांचा. तू विचारायचीस, गाडी सुटते तेव्हा कसं वाटतं, तर तो म्हणायचा, "आमी सोडीत नाय, आमी दुरुस्त करतो." इथे समुद्र, आगबोट आणि घाट उतरून येणारी सर्व्हिस मोटार, रूळ म्हणून कुठे नाही. आणि या गावात राहून तुला आगगाडीचं वेड.

रोज संध्याकाळी तू मला उलटतपासणीला उभी करायचीस. घंटा एकदा वाजते की दोनदा, हमाल काय ओरडतात, बोगद्यात धूर कुठे जातो, खिडकीची फळी वर सरकते की खाली. मी शाळेत दिवसभर मुलींना शिकवून आलेली असायचे, आणि घरी आल्यावर तू माझी परीक्षा घ्यायचीस. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझं म्हणणं इतकं मन लावून त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

मग एकदा विचारलंस, "आपला माणूस गाडीत आणि आपण खाली, असा कधी झालाय तुमाला?"

ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. तुला सांगितलं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. यांना पुण्याला नोकरी लागली. त्यांना पोचवायला मामंजींबरोबर मी स्टेशनावर गेले. मामंजी शेजारी उभे, म्हणजे बोलणं नाही आणि मान वर करणंही नाही. मी फलाटाच्या फरशीकडे बघत उभी राहिले. गाडी हलली तेव्हा मात्र राहवलं नाही, वर पाहिलं. हे खिडकीत होते. हात हलवत नव्हते, हसत नव्हते, नुसते बघत होते. डबा पाण्याच्या टाकीपलीकडे जाईपर्यंत बघत होते. तीन आठवड्यांनी पुण्याच्या साथीत ते गेले.

तू उठून माझ्या चुलीवरची आमटी खाली उतरवलीस, कारण ती करपायला लागली होती, आणि घरी गेलीस.

दोन दिवसांनी सकाळी तू नाचणी दळत होतीस. भिंतीपलीकडून जात्याची घरघर आणि तिच्यावर तुझा आवाज आला. बोलताना तुझी बोली इथली असायची, पण ओवी तू ओवीच्याच भाषेत म्हणायचीस:

गाडी हलली गं हलली, शिट्टी उरात शिरली
खिडकीतली नजर फलाटावर सांडली

मी चहाचं भांडं हातात धरून भिंतीला टेकले. आधी रडले. मग रडणं थांबलं आणि राग आला. माझ्या ट्रंकेत त्याच दिवसावरची माझी कविता होती. चोवीस ओळींची, वृत्तात चोख. तिच्यात मेघ होता, चातक होता, विरहाचा अग्नी होता. खिडकी नव्हती. माझ्या माणसाची नजर मला सापडली नाही आणि कधी स्टेशन न पाहिलेल्या तुला दोन दिवसांत सापडली, हे मी आजही तुला माफ करू शकत नाही.

गौरी आल्या तोवर ती ओवी सगळ्या आळीची झाली होती. फेर धरून बायका ती म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. त्या सगळ्यांचे नवरे बोटीनं मुंबईला जाणारे. मी तुला म्हटलं, "अगं, यांची माणसं जातात आगबोटीनं. मग बोटीची गाणी कर. गाडीची कशाला?"

तू सूप खाली ठेवलंस. "बोट लांब उभी असता, बाई. माणूस पडावात बसला आणि पडाव बोटीकडे निघाला, की तो बारीक होत होत जाता. बोटीवर चढला तेव्हा कोण कुठचा ता पण कळत नाय. गाडी अंगावरून जाता. तोंड दिसता." मग म्हणालीस, "यांनला तोंड बघायचा असता."

 त्या दिवशी वर्गात मी एका मुलीला विनाकारण रागावले.

रुळांवरून आपलं भांडण झालं ते तर कधी मिटलंच नाही. मी तेव्हा एक कविता लिहिली होती: दोन रूळ जन्मभर शेजारी राहतात पण भेटत नाहीत, तसे आपण दोघे. तुला मोठ्या आवाजात वाचून दाखवली. तुझं मत हवं म्हणून नव्हे, तू गप्प व्हावीस म्हणून. तू ऐकून घेतलीस आणि म्हणालीस, "पण तुमीच सांगितलात ना, लांब बघितला तर ते एक झालेले दिसतात?"

"दिसतात. होत नाहीत."

"दिसतात तर खरे."

"तो डोळ्यांचा भ्रम असतो, भागीरथी."

"असू दे. बाईमाणसाला तेवढा पुरता." आणि आठवड्याभरात तुझी ओवी तयार:

दोन रूळ गं लोखंडी, लांब होती म्हणे एक
तिथं उतरव बाई, तिथं माझी सोयरीक

माझी कविता एका मासिकाकडून साभार परत आली. तुझी ओवी पूर्णगडच्या कोळणी डोक्यावर पाटी घेऊन म्हणत गेल्या. मी तुला म्हणायचे, यात मात्रा चुकली, तो शब्द जुना झाला, 'म्हणे' कशाला मध्ये. तू म्हणायचीस, "म्हणे घालायलाच हवा. मी कुठे बघितलाय?" यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, तरी मी घालायचे.

तुला लिहिता येत नव्हतं म्हणून तुझ्या ओव्या मी वहीत उतरवून घ्यायचे. लोक म्हणायचे, बाईंचं मन मोठं. मन मोठं नव्हतं. लिहून घेताना मला ती ओळ घडीभर माझी वाटायची. कधीकधी मी वही मिटून तीच ओळ मनानं पुन्हा लिहून बघायचे, कुठे काय ठेवलं म्हणून ती अशी लागते. मला ते कधी कळलं नाही.

आता ते सांगते, जे तुझ्यासमोर सांगायचं राहिलं.

एका वर्षी मे महिन्याच्या शेवटी मुंबईहून ग्रामोफोनच्या तबकड्या करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. गावोगावचे गळे शोधत हिंडत होता. बंदरावर त्यानं बायकांच्या तोंडून गाडीची ओवी ऐकली, विचारत विचारत शाळेत आला. सुटीतही हजेरीपटांच्या कामाला आम्ही शाळेत होतो; हेडबाईंनी मला पुढे केलं. सभ्य माणूस होता. म्हणाला, "ही गाणी रचणाऱ्या बाई कुठे भेटतील? घरच्या कुणाला बरोबर घेऊन मुंबईला येऊ देत, सगळी व्यवस्था आम्ही करू. पावसाळ्याआधीची शेवटची बोट परवा आहे, तोवर मी इथे आहे."

तू त्या वेळी चार घरांपलीकडच्या अंगणात आमसुलं वाळत घालत होतीस. शाळेतून येता-जाता दिसायचं ते अंगण.

मी म्हटलं, "ती माहेरी गेलीय. मंडणगडाकडे, फार आत. पावसाआधी यायची नाही. आणि तिच्या घरचे असं बाईमाणसाला पाठवणार नाहीत."

तो खट्टू झाला. जाताना म्हणाला, "तुम्ही काही रचता का?"

मी हो म्हटलं. दोन कविता म्हणून दाखवल्या. त्यानं शेवटपर्यंत ऐकल्या, नमस्कार केला आणि गेला. बोट सुटली त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या अंगणावरून गेले तेव्हा तू रंगलेले हात वर करून म्हणालीस, "बाई, आज तोंड का उतरलाय?" मी म्हटलं, ऊन लागलं. तू कोकमाचं सरबत करून दिलंस आणि मी ते प्यायले.

मुंबईला गेली असतीस तर गाडी बघितली असतीस, नवऱ्याचा कारखाना बघितला असतास. तुझा आवाज तबकडीवर राहिला असता. आज तो कुठेच नाही. हे मी केलं. रागाच्या भरात केलं असंही नाही. पूर्ण शुद्धीत, शाळेच्या ओटीवर उभं राहून केलं.

त्यानंतर काही वर्षांनी तुझ्या पोटातली गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. सखाराम मुंबईहून परस्पर मिरजेला येणार असं ठरलं, आणि तुझ्याबरोबर मी निघाले. मला सुटी होती, आणि गाडीची माहितगार आळीत मीच. सर्व्हिस मोटारीनं घाट चढताना तू डोळे मिटून पडली होतीस. कोल्हापूरच्या स्टेशनात शिरलो तेव्हा उघडलेस.

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला बघायचंच होतं. तू इंजिनाकडे बघितलंस, फलाटाकडे, घंटेकडे. ओळखीच्या घरात येऊन सगळं जागच्या जागी आहे ना हे बघावं तशी. बायकांच्या डब्यात तुला खिडकीशी बसवलं. गाडी सुटली. मी थोडं थांबून विचारलं, "कशी वाटली?"

"बरी आहे," तू म्हणालीस. "माझ्या गाडीपेक्षा हळू जाता."

हातकणंगल्याच्या पुढे समोरच्या बाकावरच्या बाईची तान्ही मुलगी रडायला लागली. बाई परळच्या चाळीतली, माहेर कऱ्हाडाकडचं. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, थोपटत थोपटत गुणगुणायला लागली, आणि मी ताठ बसले. गाडी हलली गं हलली. चाल जराशी बदललेली, 'शिट्टी'च्या जागी 'घंटा' आलेली. पण नजर तीच, फलाट तोच.

तू माझा हात घट्ट धरलास. मग तिला विचारलंस, "कुठची ही ओवी?"

"ही व्हय? लई जुनी हाय," ती म्हणाली. "आमच्या सासूची सासू म्हणायची म्हणं."

सासूच्या सासूच्या काळात त्या मुलखात रूळ पडले नव्हते, हे मला ठाऊक होतं. एका वाक्यात मी सांगू शकले असते की ओवी करणारी तिच्याच समोर बसलीय. मी तोंड उघडलं नाही. माझ्या कविता छापूनही येत नाहीत आणि हिची ओवी हिच्या जिवंतपणी पणजीच्या काळची होऊन बसली, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. आणि ती नजर माझ्या माणसाची होती, भागीरथी. तो कोण होता हे त्या डब्यात फक्त आपल्या दोघींना माहीत होतं.

तू मात्र हसायला लागलीस. पोट दुखायला लागलं तरी हसत राहिलीस. "जुनी आहे म्हणते," माझ्या कानात म्हणालीस. इतक्या सुखात मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

मिरजेत ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी ठरवलं की सांगून टाकायचं. खुर्ची ओढून घेतली. "मला तुला काही सांगायचंय, भागीरथी. त्या वर्षी मे महिन्यात—"

"आधी माझा ऐका," तू म्हणालीस. "नवी झालीय. लिहून घ्या."

मी कागद घेतला. तू म्हटलीस:

गाडीत बसले गं बाई, गाडी धावते जोरात
झाडं माडं मागं गेली, वारा शिरला पदरात

मी लिहून घेतलं. ओवी साधारण होती. कुणीही केली असती. मीही केली असती. खोटं बोलत नाही, तुला उद्या टेबलावर घेणार होते आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. म्हटलं, "छान आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "पंधरा वर्षांत पयल्यांदा छान म्हणालात, बाई. म्हणजे जमली नाय."

दोघी हसलो. मग नर्स आली, आणि माझं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी सखाराम पोचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता परत शिवलं. गाठ फार पसरली होती. तू आणखी तीन दिवस होतीस. त्या तीन दिवसांत सखाराम तुझ्या उशाशी बसून सांगत होता, मुंबईहून कुठल्या गाडीनं निघाला, कुठे बदलली, कुठल्या स्टेशनात चहा घेतला, खिडकीतून काय दिसलं. एक इंच त्याच्या तोंडी आला नाही. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मी दाराशी बसले होते, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

तेराव्यानंतर सखारामला मुंबईला परतायचं होतं. निघण्यापूर्वी तो माझ्या ओटीवर आला, मुंबईचा पत्ता द्यायला. मी त्याला बसवलं आणि ग्रामोफोनवाल्याचं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तो ओरडेल, उठून जाईल, अशी माझी तयारी होती.

तो म्हणाला, "ठाऊक आहे तिला. होता."

"कसं?"

"बोटीची वाट बघताना त्या माणसानं बंदरावर पुन्हा चौकशी केली. कोळणींनी सांगितला, अहो, ती तर घरातच आहे. पण तोवर पडाव सुटायला आला होता. त्या बाया दुपारी घरी येऊन सांगून गेल्या. गणपतीला मी आलो तेव्हा तिनं मला सांगितला. मी म्हटला, जातो आणि बाईंना विचारतो. तिनं जाऊ दिला नाय."

"का?"

"म्हणाली, आळीतल्या बायांना माझा गाणा आवडता. बाईंना ता हवा असता. इतका हवा असता की दुसऱ्याला गेलेला बघवत नाय. असा ऐकणारा माणूस मला परत कुठे मिळायचा?"

म्हणजे ते कोकमाचं सरबत दिलंस तेव्हा तुला माहीत होतं. दुपारीच कोळणी येऊन गेल्या असतील तर माहीतच होतं. आणि नंतरची सगळी वर्षं तू संध्याकाळी माझ्या दारात बसत राहिलीस, मी मात्रा काढत राहिले, तू हसत राहिलीस. मला वाटत होतं, निदान मोठी तरी मी आहे, शिकलेली, सांभाळून घेणारी. तेही तू माझ्याकडे ठेवलं नाहीस. सखाराम गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तुला तोंडाला येईल ते बोलले. मग पुष्कळ रडले. हे मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाही. पश्चात्ताप आहे, पण त्याच्या शेजारी तो जुना जाळही बसलेला आहे, आणि दोघांना मी आता एकाच घरात राहू देते.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बारा ओव्या स्वच्छ अक्षरात उतरवल्या. ती शेवटची, मिरजेची, ठेवली बाहेर. ती तुलाही पसंत नव्हती. वर तुझं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं. तू हयात नाहीस ते लिहायला हात धजला नाही. 'संग्राहिका' म्हणून माझं नाव घालावं असं एकदा मनात आलं, घातलंही, मग तो कागद फाडून दुसरा लिहिला. माझ्या कविता ज्यांच्याकडून सात वेळा परत आल्या त्याच मासिकाला पाठवल्या.

आठव्या दिवशी उत्तर आलं. माझ्या कविता परत करायला त्यांना चार-चार महिने लागत. पुढच्या अंकात सगळ्या घेतो म्हणतात, आणखी असतील तर पाठवा म्हणतात. खाली संपादकांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे: या रचणाऱ्या बाईंना आमचा नमस्कार सांगावा.

मला त्यांनी सात वेळांत कधी नमस्कार कळवला नव्हता.

पत्र आल्याला दोन दिवस झाले. आज शाळेतून आले, हात-पाय धुतले आणि हे लिहायला बसले. त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे, भागीरथी. सांगितला बघ मी. या वेळी, तू घरी नाहीस असं म्हटलं नाही.